कालवांच्या रिपोर्टवर 'एनडी' आलं, पुढे काय?

नमस्कार ताई. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. देवगड तालुक्यातल्या एका खाडीत तुमचा बचत गट तराफ्यांवर कालवं आणि शिनाणे (म्हणजे मसल) वाढवतो. गोव्यातल्या एका हॉटेलने कीटकनाशकांचा रिपोर्ट मागितला, तुम्ही एक नमुना पाठवलात आणि सगळ्या रकान्यांत 'एनडी' आलं. आता हॉटेलवाला म्हणतो, दर वर्षी रिपोर्ट द्या. गटातल्या बायका म्हणतात, एकदा काही सापडलं नाही तर पुन्हा पैसे कशाला घालवायचे? आणि तुमची स्वतःची धास्ती वेगळीच आहे: खाडीच्या दोन्ही अंगांना सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, हापूसची कलमं, मोहोरापासून फवारण्या चालू, आणि तीच कालवं तुम्ही घरच्या पोरांच्या ताटातही वाढता.

माझं सगळं काम अन्नातले कीटकनाशकांचे अवशेष मोजण्यात गेलं, त्यातला बराच भाग मासळी आणि शिंपल्यांचा. त्यामुळे आधी हे सांगतो की तुम्ही एका वाक्यात तीन प्रश्न विचारलेत आणि तिन्हींना एकच रिपोर्ट पुरत नाही. आजचा माल खायला बरा आहे का, हा एक. खाडी वर्षागणिक बिघडते आहे की सुधारते आहे, हा दुसरा. गिऱ्हाइकाच्या फाइलला कागद हवा, हा तिसरा. तुमच्या हातात आहे तो कागद तिसऱ्याला पुरतो, पहिल्याला बऱ्यापैकी, आणि दुसऱ्याला जवळजवळ अजिबात नाही.

आधी 'एनडी'. म्हणजे प्रयोगशाळेच्या त्या पद्धतीला, त्या यंत्रावर, दिसण्याइतकं काही दिसलं नाही. रिपोर्टच्या शेवटच्या पानावर किंवा बाजूच्या रकान्यात 'एलओक्यू' असं काहीतरी लिहिलेलं असेल. खात्रीने मोजता येईल अशी ती सगळ्यात कमी पातळी. बहुतेक व्यापारी प्रयोगशाळा ती किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १० मायक्रोग्रॅम ठेवतात. त्याला कारण आहे: ज्या कीटकनाशकाला त्या पदार्थात वेगळी मर्यादा ठरवून दिलेली नाही, तिथे आपल्याकडे साधारण हाच आकडा धरला जातो, युरोपातही तोच. कायद्याची रेघ जिथे, तिथपर्यंतच दिसलं म्हणजे झालं, असा हा हिशेब. अन्न म्हणून तो रास्त आहे. पण समजा तुमच्या कालवांत डीडीटीचे अवशेष या वर्षी किलोमागे ४ मायक्रोग्रॅम असतील, पुढच्या वर्षी ६ आणि तिसऱ्या वर्षी ८, तर तिन्ही वर्षी रिपोर्टवर नावापुढे आकडा येणार नाही. दुप्पट झालं तरी कळणार नाही. तुमच्या गटातल्या बायकांचं म्हणणं अशा रिपोर्टपुरतं खरं आहे: असा रिपोर्ट वर्षानुवर्षं काढून त्यातून नवीन काही शिकायला मिळणार नाही.

दुसरं, यादी बघा. रिपोर्टमध्ये शंभर-दीडशे नावं असतील, पण तुमच्या सड्यावर जे फवारतात ते त्यात आहे का? आंब्यावर तुडतुड्यांसाठी डेल्टामेथ्रिन, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन, पुढच्या फवारण्यांना इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, भुरीसाठी हेक्झाकोनॅझोल, काजूवर ढेकण्यासाठी पुन्हा लॅम्बडा किंवा प्रोफेनोफॉस. आणि ज्याला कोणी औषध म्हणून मोजतच नाही ते कल्टार, म्हणजे झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारं पॅक्लोब्युट्राझोल. ते जुलै-ऑगस्टात, ऐन पावसात, कलमाच्या बुंध्याभोवती मातीत घालतात आणि ते मातीत बराच काळ राहतं. फळभाज्यांसाठी बनवलेली यादी शिंपल्यांना लावली की त्यात हे असेलच असं नाही. बागायतदारांना विचारून पाच-सहा नावं काढा आणि प्रयोगशाळेला नमुना पाठवायच्या आधी ती लिहून द्या.

आता यातलं काय कालवात साठतं? हे औषधाच्या स्वभावावर आहे. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम पाण्यात सहज विरघळतात, कालवाच्या अंगात फारसे टिकत नाहीत. पाणी बदललं की निघून जातात. पायरेथ्रॉइड, म्हणजे डेल्टामेथ्रिन-लॅम्बडा, उलट स्वभावाची: पाण्यात राहात नाहीत, चिखलाच्या बारीक कणांना चिकटतात, आणि कालव नेमके तेच कण गाळून खातं. पण सूर्यप्रकाशात आणि मातीत ती तुलनेने लवकर तुटतात. डीडीटी आणि बीएचसी ही जुनी मंडळी मात्र चरबीत जातात, तुटत नाहीत आणि वर्षानुवर्षं राहतात. आपल्याकडे डीडीटीची शेतीतली परवानगी १९८९ मध्ये गेली, पण हिवतापाच्या फवारणीसाठी ते पुढेही वापरात राहिलं. घराच्या भिंतींवर पांढरे पट्टे मारून जाणारी माणसं तुमच्या आई-वडिलांना आठवत असतील. बीएचसी १९९७ मध्ये बंद झालं, एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाची बंदी २०११ ची. बंद झालं म्हणजे खाडीतून गेलं असं होत नाही.

म्हणून डीडीटीचा आकडा आला तर घाबरण्याआधी त्याची फोड मागा. मूळ डीडीटी जास्त आणि त्याचं तुटून झालेलं डीडीई कमी असेल, तर कोणीतरी अलीकडे वापरलंय. डीडीई जास्त असेल तर ते जुनं आहे, चिखलातून वर येतंय. एकूण बेरीज एकच दिसली तरी दोन्हींचा अर्थ निराळा, आणि उपायही निराळा.

एकक हा आणखी एक घोळ, आणि याच्यामुळे मी चांगल्या शिकलेल्या माणसांना भांडताना पाहिलंय. समजा कालवाच्या ओल्या मांसात किलोमागे ८ मायक्रोग्रॅम डीडीटी आहे. त्या मांसात ८० टक्के पाणी असेल तर वाळवलेल्या वजनावर तोच आकडा ४० होतो. चरबी १.६ टक्के असेल तर चरबीच्या वजनावर तोच ५०० होतो. ८, ४० आणि ५००, तिन्ही खरे आणि तिन्ही एकच. संशोधनाचे लेख बहुधा वाळलेल्या किंवा चरबीच्या वजनावर लिहितात, अन्नाची मर्यादा ओल्या वजनावर असते. कोणी इंटरनेटवरून '५००' आणून तुमच्या ८ शेजारी ठेवला तर आधी खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा.

पोरांच्या ताटाचा हिशेबही याच ८ वर करून दाखवतो. डीडीटीसाठी जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञ मंडळाने शरीराच्या दर किलोमागे रोज ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत सेवन चालेल असं धरलंय. १५ किलोचं पोर म्हटलं तर दिवसाला १५० मायक्रोग्रॅम. त्याने १०० ग्रॅम कालवाचं मांस खाल्लं, जे एका पोराला भरपूर झालं, तर पोटात ०.८ मायक्रोग्रॅम गेलं. अमेरिकेत मासळीसाठी कारवाईची पातळी किलोमागे ५ मिलिग्रॅम आहे, आपण उदाहरणात धरलेल्याच्या सहाशे पटींहून जास्त. हे सगळं सांगून मी डीडीटीला प्रमाणपत्र देत नाही. कर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५ मध्ये ते 'बहुधा कर्करोगकारक' गटात आणि लिंडेन (बीएचसीतला कीटक मारणारा मुख्य घटक) थेट 'कर्करोगकारक' गटात टाकलंय. पण या पातळीला कालवाच्या ताटातून पोराला धोका आहे असं मी म्हणणार नाही. माझ्या घरी मी खातो.

मग इतकी वर्षं मोजत राहायचं कशाला? कारण खाडीचं एका वर्षात काही कळत नाही. हा प्रश्न जगात पहिल्यांदा नीट मांडला तो शिंपल्यांच्याच आधाराने. कालव, शिनाणा जागा सोडत नाही, दिवसभर पाणी गाळत राहतो आणि माशासारखं त्याला अंगातलं विष तोडता येत नाही, म्हणून त्याच्या मांसात त्या जागेची गेल्या काही आठवड्यांची नोंद राहते. फ्रान्सने १९७९ पासून किनाऱ्यावरच्या ठरलेल्या जागांवर शिंपले तपासायला सुरुवात केली, अमेरिकेने १९८६ पासून. दोन्हीकडे जागा, जात, आकार आणि ऋतू वर्षानुवर्षं तेच ठेवायचे, हाच सगळा कणा. त्यामुळे तिथे डीडीटी आणि क्लोर्डेन (तसंच एक जुनं कीटकनाशक) हळूहळू उतरताना दिसले. एखाद्या वर्षाच्या आकड्यावरून ते कोणी छातीठोक सांगू शकलं नसतं.

किती वर्षं मोजायचं, हे विष कुठे साठलंय त्यावर आहे. मला यात एकाच रसायनाच्या दोन गोष्टी नेहमी आठवतात. ते कीटकनाशक म्हणजे क्लोर्डेकोन, व्यापारी नाव केपोन. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या होपवेल गावात ते बनवणारा कारखाना कामगार आजारी पडल्यावर १९७५ मध्ये बंद झाला आणि जेम्स नदीत मासेमारीवर बंदी आली. बंधनं सैल होत होत १९८८ पर्यंत चालली. कालवं स्वच्छ पाण्यात ठेवली की काही दिवसांत ते सोडून देत, मासे वेळ लावत. पण नदी सुधारली ती मुख्यतः वरून नवा गाळ येऊन जुना विषारी गाळ खाली दबला म्हणून. तेच रसायन कॅरिबियनमधल्या फ्रेंच बेटांवर, मार्टिनिक आणि ग्वाडेलूपला, केळीच्या कंदात शिरणाऱ्या भुंगेऱ्यासाठी १९९३ पर्यंत वापरलं. तिथे ते नदीच्या तळाशी नाही, डोंगरावरच्या ज्वालामुखी मातीत आहे. दर पावसाला थोडं थोडं समुद्रात उतरतं, आणि वापर थांबून तीन दशकं झाली तरी किनाऱ्याचे काही पट्टे मासेमारीला बंद ठेवावे लागतात. रेणू तोच. एका ठिकाणी साठा नदीत होता आणि झाकला गेला, दुसऱ्या ठिकाणी वरच्या रानात आहे आणि गळतोच आहे.

तुमच्या खाडीत दोन्ही असू शकतं. जुनं डीडीटी चिखलात. कोणी रेती काढायला किंवा जेटीसाठी गाळ उपसला की ते पुन्हा वर येतं, आणि त्या वर्षीचा आकडा उगाच चढतो. कल्टार सड्यावरच्या मातीत, दर आषाढात व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, खाली. म्हणून नमुन्याच्या नोंदीत मी आकड्याइतकंच महत्त्व 'त्या वर्षी खाडीत काय घडलं' याला देतो.

आणि एक सूचना, जी तुम्ही विचारलेली नाही: तराफे जेटीजवळ असतील तर ते हलवता येतात का बघा. होड्यांच्या तळाला शिंपले-शेवाळ लागू नये म्हणून जो रंग मारतात तोही कीटकनाशकच. फ्रान्समध्ये आर्काशोंच्या खाडीत सत्तरच्या दशकाच्या शेवटी कालवांना बीज धरेना, शिंपा जाड आणि वेड्यावाकड्या व्हायला लागल्या. कारण निघालं होड्यांच्या रंगातलं ट्रायब्युटिल टिन. १९८२ मध्ये २५ मीटरहून लहान होड्यांवर त्या रंगाला बंदी केली आणि बीज पुन्हा धरायला लागलं. ते संयुग आता जगभर बंद आहे, पण रंगातलं तांबं आणि इतर औषधं आहेतच.

आता तुमच्याच खाडीत काय करायचं ते. इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे: खाडीचं तोंड किती उघडं, व्हाळ कुठून मिळतो, पाऊस लागल्यावर तुम्ही दोऱ्या काढता की ठेवता. तरी मी असतो तर असं केलं असतं.

वर्षातून एक नमुना ठरलेला, जानेवारी-फेब्रुवारीतल्या एकाच पंधरवड्यात, तुमची विक्री चालू आणि बागेत फवारण्या चालू असताना. दर वर्षी तोच तराफा, पाण्यात तेवढ्याच खोलीची दोरी, तेवढीच भरती-ओहोटी. कालवं आणि शिनाणे एकत्र नको, एकच जात धरा. एकाच बोटभर मापाची पंचवीस-तीस कालवं मिळून एक नमुना करा. दोन-चार कालवांचा रिपोर्ट म्हणजे त्या दोन-चार कालवांचीच खबर.

फोडताना मांस नीट बघा, कारण आकड्याचं अर्धं गुपित तिथेच असतं. बीज सोडण्याआधी कालव भरलेलं, सायीसारखं पांढरं असतं. सोडल्यानंतर तेच पाणचट, पातळ, आरपार दिसणारं होतं. बीजाबरोबर चरबी गेली आणि तिच्यासोबत चरबीत साठलेलं औषधही. म्हणजे बीज सोडण्याआधीचा आणि नंतरचा नमुना शेजारी ठेवलात तर खाडी सुधारली असं वाटेल आणि प्रत्यक्षात नुसतं कालव रिकामं झालेलं असेल. बिजागरीपाशी जो हिरवट-काळपट गोळा असतो ती पचनग्रंथी, सगळ्यात जास्त तिथे साठतं. काही ठिकाणी सहायक तो भाग 'घाण' म्हणून काढून टाकतात. आपण कालव अख्खं खातो, तर तो नमुन्यात हवाच. आतलं पाणी धरायचं की निथळायचं, तेही एकदा ठरवा आणि बदलू नका. स्टीलच्या सुरीने फोडा, काचेच्या स्वच्छ बरणीत किंवा ॲल्युमिनियम फॉइलमध्ये ठेवा, बर्फात पाठवा. तराफ्यावर जी माणसं त्याच सकाळी फवारणीचा पंप हाताळून आली असतील त्यांच्या हातून नमुना नको.

जमलं तर दुसरा नमुना पहिल्या मोठ्या पावसानंतर आठ-दहा दिवसांनी. सहा महिने सड्यावर पडलेलं सगळं तेव्हा खाली येतं. अडचण अशी की खाडीला गोडं पाणी चढलं की कालव शिंप मिटून बसतं, गाळतच नाही, मग मांसात काही दिसत नाही. अशा वेळी व्हाळाच्या तोंडाशी चिखलाचा वरचा दोन सेंटीमीटरचा थर घ्या. आणि यंत्राच्या आधी डोळे वापरा: पायरेथ्रॉइड खाडीत आलं तर कालव मरत नाही, पण व्हाळाच्या तोंडाशी बारीक कोळंबी, कुर्ल्यांची पिल्लं मेलेली दिसतात. ती दिसली तर तारीख लिहा, वर कोण पंप धुतं ते शोधा. माझ्या अनुभवात बागेतल्या फवारणीपेक्षा व्हाळात धुतलेला पंप आणि फेकलेली बाटली जास्त नुकसान करते, आणि हे बागायतदाराशी बोलून सुटतं, प्रयोगशाळेतून नाही.

इथवर थोडक्यात: व्यापारी रिपोर्ट हॉटेलला द्या, वर्षातून एकदा, वादावादी न करता. त्याखेरीज कल बघायचा तर त्याच नमुन्यातला एक भाग कमी पातळी मोजणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवा, जिथे डीडीटी गटासाठी किलोमागे १ मायक्रोग्रॅमच्या आसपास आकडा मिळतो. एकाच खाडीतल्या दोन-तीन गटांनी मिळून एक नमुना केला तरी चालेल. रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना अशा विषयाची गरज असते आणि तुमच्याकडे खाडी, तराफा आणि तारखा आहेत. पाच-सहा वर्षांचे आकडे हातात आल्याशिवाय 'वाढतंय' किंवा 'कमी होतंय' असं मी म्हणत नाही, तुम्हीही म्हणू नका.

आता एक गोष्ट जी कदाचित आवडणार नाही. तुमच्या जागी असतो तर तपासणीच्या पैशातला मोठा वाटा मी कीटकनाशकांवर घातला नसता. शिंपल्यांनी माणसं आजारी पडल्याची जगातली मोठी प्रकरणं सांडपाण्याची आणि विषारी शैवालाची आहेत. १९८८ मध्ये शांघायला कच्च्या शिंपल्यांतून कावीळ पसरली ती सुमारे ३ लाख लोकांना. १९९७ मध्ये केरळात विळिंजमला शिनाणे खाऊन माणसं दगावली, ते विष सूक्ष्म शैवालाचं होतं आणि शिजवून जात नाही. युरोपात शिंपल्यांच्या जागांची वर्गवारीच १०० ग्रॅम मांसातल्या ई. कोलायवर, म्हणजे मैल्यातून येणाऱ्या जंतूंच्या संख्येवर, चालते: २३० पर्यंत असेल तर थेट विक्री, त्यावर ४,६०० पर्यंत असेल तर आधी स्वच्छ पाण्यात ठेवून शुद्ध करायचं. तुमचा गिऱ्हाईक हॉटेलवाला आहे, लिंबू पिळून कच्चं कालव वाढायची हौस त्यालाच असणार. त्याला कीटकनाशकाच्या कागदाबरोबर ई. कोलायचा कागदही द्या, तोही त्याने न मागता, आणि हा वर्षातून एकदा नाही तर विक्रीच्या हंगामात दर महिन्याला. जवळच्या वाडीचं सांडपाणी कुठे उतरतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. शिशाची आणि कॅडमियमची तपासणी वर्षातून एकदा पुरे. खाडीचं पाणी अचानक लालसर-तपकिरी दिसलं, तर पाणी निवळेपर्यंत आणि तपासणी होईपर्यंत काढणी बंद. रिपोर्ट येईस्तोवर घरीही खाऊ नका.

शेवटी प्रयोगशाळा निवडताना. एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे का, हे सगळे विचारतात. तुम्ही विचारा, ती मान्यता मासळी-शिंपल्यांसाठी आहे की भाजी-फळांसाठी. चरबीचं प्रमाण आणि ओलावा रिपोर्टवर देतील का. प्रत्येक औषधाचा एलओक्यू वेगळा लिहून देतील का. आणि आकडा एलओक्यूच्या खाली पण दिसण्याइतका असेल तर तो खाजगीत तरी कळवतील का. आणि दर वर्षीच्या नमुन्यातला एक हिस्सा फॉइलमध्ये गुंडाळून, तारीख-जागा लिहून, त्यांच्या खोल फ्रीजरमध्ये राखून ठेवायला सांगा. कल्टारसारखं एखादं औषध पाच वर्षांनी यादीत आलं, तर मागच्या पाचही वर्षांचे नमुने एकाच दिवशी, एकाच यंत्रावर मोजता येतील. फ्रान्सवाले वाळवलेले जुने नमुने असेच जपून ठेवतात. प्रयोगशाळा 'नमुना रिपोर्टनंतर टाकून देतो' म्हणाली, तर ठेवण्याचे वेगळे पैसे किती ते विचारा. ते तपासणीपेक्षा बरेच कमी पडतात.

तुमची खाडी कुठली, व्हाळ तराफ्यांपासून किती लांब आणि तुमच्या रिपोर्टवर एलओक्यू काय आहे, एवढं कळवा. मग यादीत कुठली नावं वाढवायची ते नेमकं सांगता येईल.